दहा हजारांतल्या तेरा जणी

साताऱ्याच्या एसटी स्टँडवर मी वाहतूक नियंत्रक आहे. घोषणा आता यंत्रच करतं, पण गाडी उशिरा आली की लोकांना यंत्राशी भांडून समाधान मिळत नाही, खिडकीत माणूस लागतं, म्हणून मला अजून ठेवलंय. माझ्यासमोरच्या पडद्यावर एकशे बारा गाड्या दिसतात. कोरेगावची कुठे अडली, मेढ्याच्या गाडीची बॅटरी किती उरली, सगळं मला बसल्या जागी कळतं. वीस वर्षं हेच करतेय. आणि घरातली एक सतरा वर्षांची मुलगी रात्री साडेअकराला कुठे असते, ते मात्र मला सांगता येत नव्हतं.

माझं नाव शीतल जगदाळे. हे नाव ठेवणारी आत्या माझा स्वभाव कळायच्या आत वारली, नाहीतर तिनं बदलून घेतलं असतं. नवरा संग्राम, शाळेत गणित शिकवतो. मुलगी दुर्वा, बारावीला. सोळा पूर्ण झाल्या झाल्या तिनं विजेच्या दुचाकीचा परवाना काढला आणि तेव्हापासून आमच्या घरातली रात्र लांबली. विजेच्या दुचाकीला आवाज नसतो. हे ज्यानं शोधून काढलं त्याला लेक नसणार. माझ्या आईच्या वेळी गल्लीच्या तोंडाशी फटफट ऐकू आली की ती कूस बदलून झोपायची. मला ते सुखही नाही. फाटकाची कडी वाजेपर्यंत मुलगी जगात आहे की नाही याचा पत्ता नाही.

"आई, जाऊन येते गं."

"बरं."

"मैत्रिणींबरोबर आहे. उशीर होईल."

"बरं."

हा आमचा संवाद. मग साडेबारा, कधी एक, कधी सव्वा. मधल्या वेळात मी फोन करायची. एकदा, दोनदा, मग तिनं उचलला नाही की रागानं पाचदा. ती यायची, मी बोलायची, ती दार आपटायची. संग्राम म्हणायचा, "वय आहे." वय काय मला नव्हतं? पण मला बाप होता, आणि बापाच्या हातात चप्पल होती.

जानेवारीत पालकसभेला कुणीतरी 'अदमास' ॲपचं नाव काढलं. दुसऱ्या दिवशी मी ते घेतलंसुद्धा. अटींची चाळीस पानं होती. स्टँडवर मी वाहकाच्या कागदातली वेलांटीही सोडत नाही, पण इथे सरळ खाली गेले आणि 'मान्य' दाबलं.

अदमास काय करतं ते मला संग्रामनं दोनदा समजावलं, तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. ते माणसाची एक जुळी बनवतं, आकड्यांची. मुलीच्या मनगटावरच्या घड्याळातून तिची नाडी, तिची झोप. दुचाकीतून तिचा वेग, ती ब्रेक किती आधी दाबते ते. रस्त्यावरच्या खांबांकडून वाहनांची गर्दी, दवाखान्यांकडून गेल्या दहा वर्षांतले अपघात. या सगळ्यातून तयार झालेल्या दुर्वाला ते आजच्या रात्री बाहेर सोडतं. एकदा नव्हे, दहा हजार वेळा. प्रत्येक रात्र थोडी वेगळी. एकीत कुत्रं आडवं येतं, एकीत येत नाही. एकीत मैत्रीण म्हणते अजून दहा मिनिटं बस, एकीत तिला झोप येते आणि सगळे लवकर उठतात. दहा हजार रात्री तीन सेकंदांत उलटून जातात आणि मग ते मोजतं, की त्यांतल्या किती रात्री मुलगी धडपणे घरी आली नाही. तेवढा एक आकडा पालकाला दिसतो. मुलगी कुठे आहे ते दिसत नाही. चौदा वर्षांपुढच्या मुलाचं ठिकाण ही त्याची खासगी बाब, असा कायदा झालाय. आयांना विचारून केलेला दिसत नाही.

पहिल्या रात्री आकडा आला तेरा.

"दहा हजारांत तेरा म्हणजे काहीच नाही," संग्राम म्हणाला. "तू गॅसपाशी उभी राहतेस त्यात सुद्धा दोन-तीन निघतील."

"त्या तेरा जणींचं काय झालं?"

"कुठल्या तेरा जणी? त्या नाहीतच, शीतल. त्या गणितातल्या आहेत."

"नाव दुर्वाच आहे ना त्यांचं?"

तो दात घासायला गेला. मी पलंगावर बसून त्या तेरा जणींचा विचार करत राहिले. नऊ हजार नऊशे सत्त्याऐंशी घरांत कडी वाजली. तेरा घरांत माझ्यासारखीच एक बाई अशीच पलंगाच्या कडेला बसलेली, आणि कडी वाजत नाहीये. आपण कुठल्या घरात आहोत ते त्यांतल्या एकीलाही आधी कळत नाही. सव्वाबाराला कडी वाजली. मला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी भांडायचं राहून गेलं.

आठवडाभरानं मला त्या पडद्यावरचं दुसरं बटण सापडलं. त्यावर लिहिलं होतं, 'असं केलं तर?' म्हणजे आपण एखादी गोष्ट करायची म्हटलं, तर तीही त्या रात्रींत घालून यंत्र पुन्हा मोजून दाखवतं. दुर्वा बाहेर होती, आकडा चौदा होता. मी लिहिलं, 'मी आता तिला फोन केला तर?'

एकोणीस.

मला वाटलं चुकलं काहीतरी. पुन्हा विचारलं. एकोणीस. 'मी तिला आणायला गेले तर?' बावीस. 'तिच्या बाबांनी फोन केला तर?' सतरा. खाली बारीक अक्षरात कारणं होती, ठिकाणाबिकाणाचा उल्लेख न करता, नुसती शीर्षकं, महत्त्वाच्या क्रमानं. पहिलं वाहन. दुसरं अपुरी झोप. तिसरं आई.

माझ्या पोटच्या पोरीच्या जिवाला जे जे धोके होते, त्यांत माझा नंबर तिसरा होता.

मी सकाळी त्यांच्या मदतकेंद्राला फोन लावला आणि माझ्या नावाला न शोभेल अशा भाषेत विचारलं, की हे काय लावलंय. पलीकडच्या बाई शांत होत्या. रोज माझ्यासारख्या दहा जणींचे फोन येत असणार.

"ताई, घरच्यांच्याही जुळ्या बनवाव्या लागतात. मूल एकटं जगत नाही ना. तुमच्या फोनच्या वेळा आणि तिच्या गाडीचा वेग शेजारी ठेवून बघा, पडद्यावर आहे."

बघितलं. गाडीच्या जुन्या नोंदींसकट गेल्या दोन महिन्यांतले माझे एकतीस फोन. त्यांतल्या सव्वीस फोनांनंतर पुढच्या दहा मिनिटांत तिचा वेग तेरा-चौदा किलोमीटरनं वाढलेला. मी ओरडले की पोरगी रडत किंवा चिडत घराकडे सुसाट येत होती. मी तिला सुरक्षित घरी आणत होते असं मला वाटत होतं, आणि खरं तर मी मागून ढकलत होते.

"मग मी काय करू?" मी त्या बाईंना विचारलं.

"काही न करणं हा बऱ्याचदा सगळ्यात चांगला पर्याय असतो, ताई."

काही न करणं. वीस वर्षं मी गाडी अडली की दुसरी सोडते, चालक आजारी पडला की बदली धाडते. काही न करायला मला कुणी कधी शिकवलंच नव्हतं.

पण पोरीसाठी तेही शिकले. सगळं यंत्राला विचारून. 'गॅलरीतला दिवा लावून ठेवला तर?' दोनानं वाढतो, लांबून दिवा दिसला की ती आईला जागं ठेवलं म्हणून घाई करते. मग मी दिवा घालवून अंधारात बसायला लागले. 'जेवण झाकून ठेवलं तर?' फरक नाही. 'निघताना बाराच्या आत ये म्हटलं तर?' तिनानं वाढतो. 'निघताना सावकाश ये, घाई करू नकोस म्हटलं तर?' चारानं कमी.

मग काय, मी रोज म्हणायला लागले, "सावकाश ये गं. घाई करू नकोस."

पहिल्या दिवशी दुर्वा हेल्मेट हातात धरून माझ्याकडे बघतच राहिली. पंधरा दिवसांनी येऊन तिनं मला मागून मिठी मारली. मी पोळ्या लाटत होते.

"आई, तू किती बदललीस. तन्वीची आई अजून दर अर्ध्या तासाला व्हिडिओ मागते. मी तिला सांगितलं, माझ्या आईचा माझ्यावर विश्वास आहे."

माझ्या हातातलं लाटणं थांबलं. खरं सांगायची हीच वेळ होती. पण आदल्याच रात्री मी विचारून ठेवलं होतं, 'तिला अदमासबद्दल सांगितलं तर?' आठानं वाढत होता. मी पोळी उलटली आणि म्हणाले, "असायलाच पाहिजे विश्वास." सुख झालं, ते खोटं नाही. पण दुसऱ्याच्या ताटातला लाडू उचलून खाल्ल्यासारखं ते सुख होतं.

असे सात महिने गेले. आमच्या घरात भांडण नाही, आवाज नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, तुमची मायलेकींची दृष्ट काढायला हवी. संग्राम मात्र एकदा म्हणाला, "तू हल्ली बोलतेस ते तुझं वाटत नाही." मी म्हटलं, "नऊवर आणलाय आकडा, तेराचा. तुमच्याच्यानं झालं असतं?"

अकरा ऑगस्टची रात्र मी जन्मात विसरणार नाही. बारा वाजून पाच मिनिटांनी आकडा दहा होता. सव्वाबाराला सोळा. साडेबाराला एक्केचाळीस, आणि 'वाहन' हे शीर्षक लाल झालेलं. एक्केचाळीस मी कधी बघितला नव्हता. मी संग्रामला हलवून उठवलं. तो उठून बसला, चष्मा लावला, आणि पहिल्यांदाच 'काहीच नाही' म्हणाला नाही.

मी विचारत सुटले. फोन केला तर? अठ्ठावन्न. नुसता निरोप पाठवला तर? सत्तेचाळीस. तन्वीच्या आईला फोन करायला सांगितलं तर? बावन्न. पोलिसांना कळवलं तर? चव्वेचाळीस. तिच्या बाबांना बरं नाही असं खोटंच कळवलं तर? सदुसष्ट. शेवटी तर मी काय वाटेल ते विचारायला लागले. मी नसतेच तर, असंही एकदा विचारलं, आणि उत्तर यायच्या आत पडदा पालथा घातला. सुलटा केला तेव्हा वर तीच ओळ होती: 'काही करू नका.' एक्केचाळीस.

"काही करू नका म्हणतंय," मी संग्रामला म्हणाले.

"मग करायचं नाही."

"तुम्ही बाप आहात की कोण?"

"मग कर. कर फोन. अठ्ठावन्न होऊ दे." तो माझ्यावर असा कधी ओरडत नाही.

मी फोन त्याच्याकडे दिला आणि भिंतीला टेकून फरशीवर बसले. स्वतःचे हात मांडीखाली घेऊन बसले, लहानपणी बाई शिक्षा म्हणून बसवायच्या तशी. एक तास दहा मिनिटं. त्या एका तासात मी यंत्राला शिव्या घातल्या, पोरीला घातल्या, मग दोघांची माफी मागितली. मध्ये एकदा पडद्यावरचा आकडा चौतीस झाला, पुन्हा एकोणचाळीस झाला. एक पंचेचाळीसला कडी वाजली आणि आकडा शून्यावर गेला. संग्राम तोंडावर हात धरून मोरीकडे गेला. मी पळत पलंगावर जाऊन डोळे मिटले, कारण ती आल्यावर आई जागी सापडली तर उद्याचा आकडा वाढतो.

तिनं दारातून डोकावलं. "झोपलीय," असं स्वतःशीच म्हणाली आणि दार अलगद ओढून घेतलं. त्या रात्री काय झालं होतं ते तेव्हा मला कळलं नाही. विचारलं नाही.

चोवीस सप्टेंबरला दुर्वाला अठरा पूर्ण झाली. सकाळी मी तिला ओवाळलं. ताटातला दिवा खाली ठेवतेय तोवर तिचं मनगटावरचं घड्याळ वाजलं. तिनं वाचलं, भुवया उंचावल्या, आणि "आले हं" म्हणून खोलीत गेली. मी साडेआठच्या पाळीला निघाले तरी दार बंदच होतं. चालता चालता माझ्याही फोनवर आलं: 'पाल्य सज्ञान झाल्यामुळे खातं पाल्याकडे सुपूर्द करण्यात आलं आहे. आजवरचे सर्व प्रश्न आणि उत्तरं खात्यासोबत दिली आहेत. अट क्रमांक एकोणतीस.'

मी पोवई नाक्यावर उभी राहून ते चार वेळा वाचलं. मागून रिक्षावाला ओरडला तेव्हा बाजूला झाले.

ती दुपारी स्टँडवर आली. कासला फुलांचा हंगाम, जादा गाड्या सोडलेल्या, खिडकीपुढे ही गर्दी. ती मागच्या दारानं नियंत्रण कक्षात आली आणि माझ्या शेजारच्या स्टुलावर बसली. डोळे सुजलेले, पण आवाज सरळ.

"दोन हजार तीनशे अकरा," ती म्हणाली.

"काय?"

"प्रश्न. माझ्याबद्दल तू विचारलेले. सगळे वाचले."

"ताई, कासची कधी आहे?" खिडकीतून एकानं विचारलं.

"एक चाळीस, फलाट सहा," मी म्हणाले. मग तिला म्हणाले, "घरी बोलू."

"नाही, इथेच. घरी तू मला आधी कुणाला तरी विचारून उत्तर देशील." तिनं फोन उघडला. "'सावकाश ये म्हटलं तर?' चारानं कमी. त्याच्या दुसऱ्या दिवसापासून रोज म्हणतेस. मी अख्ख्या कॉलेजात सांगत फिरले, आई, की माझी आई कशी आहे."

"तू सुखरूप यावीस म्हणून केलं."

"ते कळलं गं मला. मी काय लहान आहे? पण त्यातलं तुझं किती होतं?"

मलाच कळत नव्हतं. रोज म्हणून म्हणून ते माझंच झालं होतं की काय, कोण जाणे. ती पुढे वाचत गेली. बाबांना बरं नाही हे खोटं सांगण्याचा प्रश्न वाचला तेव्हा मी मान खाली घातली. मग ती एका ठिकाणी थांबली.

"अकरा ऑगस्ट. 'मी नसतेच तर?' याचं उत्तर बघितलंस?"

"नाही. धीर झाला नाही."

तिनंही ते सांगितलं नाही. अंगठ्यानं पान वर सरकवलं. मीही मागितलं नाही.

"एवढे प्रश्न," ती म्हणाली. "त्यात एक नाही. मी दोनदा शोधला. 'तिलाच विचारलं तर, की कुठे चाललीस?' हा एकदाही नाही. का गं?"

"वेडी का तू? निघालेल्या माणसाला कुठे म्हणून विचारतात होय?"

मग मलाच ऐकू आलं मी काय बोलले ते. माझ्या आजीनं सांगितलेलं, आईनं सांगितलेलं. उंबऱ्यात पाय ठेवलेल्याला कुठे विचारू नये, माणसाचं काम होत नाही, विघ्न येतं. आमच्याकडे लग्नाला निघालेल्या वऱ्हाडालाही कुणी कुठे म्हणून विचारत नाही. स्टँडवर तर चालकाला गाडी सुरू केल्यावर कुठे म्हणून विचारलं तर तो खाली उतरून पाणी पिऊन पुन्हा चढतो. जिभेला वळणच नव्हतं. ती आल्यावर विचारावं तर दमलेली असायची, दुसऱ्या दिवशी विचारणं म्हणजे उलटतपासणी झाली असती. दहा हजार रात्री मोजणारं यंत्र मी घरात आणलं, पण एक प्रश्न विचारायचा असतो हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

मी हे तिला जमेल तसं सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही.

"मला वाटायचं तुला जाणून घ्यायचंच नाही," ती म्हणाली. "आधी ओरडायचीस, नंतर गोड बोलायचीस. पण कुठे जाते, कुणाबरोबर बसते, काहीच नाही. मग मीपण सांगणं सोडलं. सकाळी मी तो प्रश्न घातला, अकरा ऑगस्टच्याच रात्रीला, तू मला निघताना विचारलं असतंस तर म्हणून. खातं माझं आहे आता, जुन्या रात्रींनाही विचारता येतं." तिनं पडदा माझ्यापुढे धरला.

चार.

"मी सांगितलं असतं की धुकं आहे आणि ब्रेक नीट लागत नाहीये," ती म्हणाली. "मग तू बाबांची दुचाकी ने म्हणाली असतीस. एवढंच."

"ताई, महाबळेश्वर लागली का?" खिडकीतून कुणीतरी विचारलं. मी उत्तर दिलं असणार, कारण तो माणूस निघून गेला. मला डोळ्यांसमोरचा पडदा दिसत नव्हता. एकशे बारा गाड्या पाण्यात बुडाल्या होत्या.

"चुकलं माझं," मी म्हणाले.

"चार म्हणजे शून्य नव्हे, आई," ती म्हणाली, आणि माझ्या टेबलावरची पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवून निघून गेली.

रात्री जेवणं झाल्यावर तिनं फोन टेबलाच्या मधोमध ठेवला. सज्ञान माणसाला तीन पर्याय असतात: खातं ठेवणं, कुणाला तरी दाखवणं, पुसून टाकणं.

"मी पुसतेय," ती म्हणाली.

"ठेव की," मी म्हणाले. "मला नको दाखवू. पण असू दे. कुणाला तरी माहीत असू दे."

"कुणाला? त्या यंत्राला?"

"तिचं आहे, शीतल," संग्राम म्हणाला. "तिला ठरवू दे."

माझ्या जिभेवर आलं होतं, की एक महिनाभर तरी ठेव, तुझ्या पाया पडते. नाही बोलले. तिनं बोट ठेवलं. तीन सेकंद एक गोल फिरला आणि पडद्यावर आलं, 'जुळी काढून टाकली.' त्या सगळ्या दुर्वा गेल्या, माझी ती तिसऱ्या नंबरची जुळीही गेली. समोर खुर्चीत एकच उरली होती आणि ती हेल्मेट उचलत होती.

दारात ती वळली. "यवतेश्वरला चाललेय. घाट चढून वर गेलं की कठडा आहे ना, तिथे. तन्वी आणि मी. काही करत नाही, बसतो, खालचं गाव बघतो. ब्रेक दुरुस्त करून घेतलेत. दीडपर्यंत येते."

मी न विचारता तिनं सांगितलं होतं. मला काहीतरी म्हणायला हवं होतं आणि ती तेवढ्यासाठी थांबलीही होती. सावकाश ये म्हणायची मला चोरी झाली होती. जपून जा म्हणावं तर तेही कुठल्यातरी दिवशी यंत्राला विचारलं होतं. आठ महिन्यांत माझी सगळी वाक्यं मी वापरून बसले होते.

"ये," मी म्हणाले.

ती गेली. आवाज अर्थातच आला नाही.

आमचं घर समर्थ मंदिराच्या वरच्या अंगाला. गॅलरीतून यवतेश्वरचा घाट समोर दिसतो. इतकी वर्षं मी ऐकायला बसायची, कडीकडे कान लावून. घाटाकडे बघायचं कारण नव्हतं. आता कळलं होतं. आणि कळल्यानं काही सोपं झालं नाही, उलट आता मला त्या रस्त्याचं एकेक वळण आठवायला लागलं. त्याच घाटातून जाणाऱ्या कासच्या गाड्या मीच सोडते. कुठल्या वळणावर कठडा तुटलाय, कुठे चालकांना वेग कमी करायला सांगते, कुठे वरून येणारे पर्यटक समोरचा दिवा खाली करत नाहीत, सगळं तोंडपाठ. फुलांचे दिवस, शनिवार. घाटात वर जाणारे दिवे, खाली येणारे दिवे. किती धोका आहे ते सांगायला कुणी नाही. फोन करावा की करू नये ते सांगायला कुणी नाही. मी फोन खोलीतच ठेवून आले होते, आणि गॅलरीतला दिवा लावावा की नाही हेही मला ठरवता येत नव्हतं.

संग्राम येऊन शेजारी उभा राहिला.

"कुठली तिची?" त्यानं विचारलं.

खालून तिसऱ्या वळणाशी एक दिवा एकटाच वर सरकत होता, फार वेगानं नाही. मी त्याच्याकडे बोट केलं. "ती."

"कशावरून?"

"चाल बघा ना."

तो गणिताचा मास्तर. त्या घाटात त्या घडीला निदान तीस गाड्या होत्या, हे त्याला माझ्याइतकंच दिसत होतं. त्यानं कठड्यावर दोन्ही हात टेकले आणि पुढे वाकून बघितलं.

"हो," तो म्हणाला. "तीच."

दिवा वळणामागे गेला. आम्ही वाट बघत राहिलो. थोड्या वेळानं पलीकडून दोन दिवे बाहेर आले, एकापाठोपाठ एक. त्यांतला पुढचा आम्ही आमचा धरला.